खांबावरचे डबे आणि रस्त्याचं रूप: सॅन फ्रान्सिस्कोचा आठ वर्षांचा खटला

जानेवारी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने १२-११ क्रमांकाचा एक ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा स्थानिक कायदा, मंजूर केला. सार्वजनिक रस्त्याकडेच्या खांबावर मोबाइल सेवेचा अँटेना आणि त्याची यंत्रं बसवायची असतील, तर प्रत्येक जागेसाठी कंपनीने वेगळा परवाना घ्यावा, असं त्यात ठरलं. काही भागांत परवान्याआधी आणखी एक परीक्षा होती: बसवल्यावर हे सगळं दिसेल कसं? टी-मोबाइल, क्राउन कॅसल आणि एक्स्टेनेट या तीन कंपन्यांनी त्याच वर्षी शहराविरुद्ध दावा लावला. खालचं कोर्ट, मग अपील, मग राज्याचं सुप्रीम कोर्ट असा तो चालत राहिला. ४ एप्रिल २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला.

वरवर पाहिलं तर वाद किरकोळ आहे. खांबाच्या टोकावर नळकांड्याच्या आकाराचा अँटेना, मधे दोन-तीन डबे, खाली वीज तोडायचा स्विच. एवढ्याने शहराचं काय बिघडतं? पण प्रश्न एका खांबाचा कधीच नसतो. कमी ताकदीचा असा अँटेना थोड्याच अंतरापर्यंत सेवा देतो, त्यामुळे एकावर भागत नाही, गल्लीगणिक लावावे लागतात. टेकडीवरचा मोठा टॉवर उभा राहिला की त्याच्यावरचं भांडणही एकदाच होऊन जातं. इथे मात्र ते प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येकाच्या खिडकीसमोर होऊ शकतं. म्हणून नियम आधी लिहून ठेवावा लागतो. तो कसा लिहावा, हाच या प्रकरणाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

रस्त्यावरची परिस्थिती

२०११ साली ५जी अजून बाजारात यायचं होतं. पण स्मार्टफोन हातोहाती पोहोचले होते आणि मोठ्या टॉवरांना डेटाचा भार पेलवेनासा झाला होता. उपाय एकच, अँटेने माणसांच्या जवळ आणायचे. दावा लावणाऱ्या तिघांपैकी क्राउन कॅसल आणि एक्स्टेनेट तर ग्राहकांना फोनसेवा विकतच नाहीत. त्या खांबाखांबावर अँटेन्यांचं जाळं उभारत आणि ते सेवा कंपन्यांना भाड्याने देत. त्यांच्यासाठी रस्त्याकडेचा खांब हाच धंद्याचा कच्चा माल, आणि तो मिळायला उशीर झाला की पैसा अडकत असे.

सॅन फ्रान्सिस्कोत या खांबांच्या मुख्यतः दोन जाती. एक लाकडी, ज्यांच्यावर वीज, टेलिफोन, केबल अशा अनेकांच्या तारा असतात आणि ज्यांची मालकी या कंपन्यांनी मिळून केलेल्या व्यवस्थेत असते. दुसरे पोलादी. त्यांतले दिव्यांचे बरेच खांब शहराच्या पाणी-वीज खात्याकडे, तर ट्रॉलीबसच्या तारा पेलणारे वाहतूक खात्याकडे. पोलादी खांबाच्या बाबतीत शहर मालकाच्या खुर्चीत बसतं. भाडेकरार करताना रंग काय, आकार काय, तार आतून जाणार की बाहेरून, हे सगळं करारातच घालता येतं. लाकडी खांब शहराचा नाही. तिथे शहराच्या हाती कायदा तेवढा उरतो, आणि म्हणूनच हा ऑर्डिनन्स कंपन्यांना टोचला.

शहराची ठेवणही लक्षात घ्यायला हवी. टेकड्यांवरून उतरणाऱ्या रस्त्यांच्या टोकाला खाडीचं पाणी दिसतं, कुठे पूल दिसतो. अलामो स्क्वेअरसमोर व्हिक्टोरियन घरांची 'पेंटेड लेडीज' नावाची रांग आहे, जिचा फोटो काढायला जगभरातून माणसं येतात. अशा रस्त्यावर नजरेच्या रेषेत आलेला एक डबाही लगेच खुपतो. हे शहर जगातल्या सर्वांत सुंदर शहरांपैकी एक आहे आणि ते सौंदर्य पर्यटनासाठी जिव्हाळ्याचं आहे, असं ऑर्डिनन्समध्येच नोंदवलेलं आहे. अँटेने लावायला बंदी नको, पण शहराची शोभा कमी होईल अशा रीतीने किंवा अशा जागी ते लागू नयेत, अशी त्याची भूमिका.

ऑर्डिनन्समध्ये काय होतं

शहराने सगळ्या रस्त्यांना एकच फूटपट्टी लावली नाही. ऐतिहासिक म्हणून घोषित भाग, 'चांगलं' किंवा 'उत्कृष्ट' दृश्य असलेले रस्ते, उद्यानं आणि मोकळ्या जागांलगतचे रस्ते अशा ठिकाणी तपासणी अधिक कडक ठेवली. ऐतिहासिक भागात नियोजन खात्याने ठरवायचं, की ज्या देखणेपणामुळे त्या जागेला हा दर्जा मिळाला त्याला या यंत्रांनी लक्षणीय बाधा येते का. दृश्याच्या रस्त्यावर प्रश्न असा, की ते दृश्य लक्षणीय प्रमाणात बिघडतं का. परवाना देणारं खातं सार्वजनिक बांधकामाचं. नियोजन खातं रूप बघणार, आरोग्य खातं अँटेन्याच्या रेडिओ लहरींच्या किरणोत्सर्गाचे आकडे केंद्रीय मर्यादेत बसतात का ते बघणार, आणि उद्यान जवळ असेल तर उद्यान खात्याचंही मत घ्यायचं.

किरणोत्सर्गाबद्दल इथेच सांगून टाकलं पाहिजे, कारण ते समजल्याशिवाय रूपावरचा हा सगळा आग्रह विचित्र वाटतो. अमेरिकेच्या १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने स्थानिक प्रशासनांचा जमीनवापरावरचा अधिकार शाबूत ठेवला, पण त्याला मोठ्या अटी घातल्या. सेवेला प्रत्यक्ष किंवा परिणामी बंदी होईल असा नियम करता येत नाही. सारखीच सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये अवाजवी भेदभाव करता येत नाही. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याला नोंदींमध्ये सबळ पुरावा लागतो. आणि यंत्रणा केंद्रीय मर्यादा पाळत असेल, तर किरणोत्सर्गाच्या परिणामांचं कारण देऊन ती अडवता येत नाही. म्हणजे खिडकीसमोर अँटेना येतोय म्हणून धास्तावलेला रहिवासी सुनावणीला आला, तर त्याच्या मनातली मुख्य गोष्ट कायद्याने विचारातच घेता येत नाही. त्याच्यासाठी उघडा राहतो तो दिसण्याचा, आवाजाचा आणि जागेचा मुद्दा. परिणाम असा, की आरोग्याची भीतीही कित्येकदा सौंदर्याच्या भाषेत मांडली जाते. याचा दोष मी रहिवाशांना देत नाही, कायद्याने त्यांना बोलायला तेवढीच भाषा ठेवली आहे. पण नियम लिहिणाऱ्याने हे ओळखून असावं. 'रूप' या शब्दाखाली रूपाशी संबंध नसलेला राग साठवला, की तो नियम कोर्टात उभा राहत नाही.

अटी किती बारीक असतात ते बघण्यासारखं आहे. यंत्रांवरचे कंपनीचे स्टिकर काढा, आणि डब्याच्या पत्र्यात ठोकलेला उठावदार किंवा खोलगट लोगो असेल तर तो भरून गुळगुळीत करा. अँटेना आणि आवरण जोडतात तिथले सांधे, बोल्ट, स्क्रू नजरेत येणार नाहीत असे बसवा. तार खांबात शिरते त्या जागी शक्य तितकं लहान फिटिंग वापरा आणि भेगा बुजवायला लावलेला मसाला ओघळलेला दिसता कामा नये. विजेचा मीटर उघड्यावर नको. खांबाशेजारी झाड लावा आणि ते जगवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या नियोजन खात्याने अशा जातीच्या अटी परवान्यांवर घातल्या आहेत. कोणाला हा चिवटपणा अति वाटेल, मला तो आवडतो. लोगोच्या खोलगट अक्षरात साचणारी काळी धूळ फूटपाथवरून चालणाऱ्याला रोज दिसते. त्याच्याकडे लक्ष देणारं कोणीतरी खात्यात बसलेलं असणं ही शहराची श्रीमंती आहे.

झाडाची अट मात्र दुधारी आहे. पानं अँटेन्याच्या लहरींना अडवतात, आणि लहरी जितक्या उंच वारंवारतेच्या तितकी अडवणूक जास्त. खांब लपवण्यासाठी लावलेलं झाड वाढलं की सेवेच्याच आड येतं आणि मग छाटणीवरून नवा तंटा. आवरणाचंही तसंच. रेडिओची पेटी, म्हणजे अँटेन्याला सिग्नल पुरवणारं यंत्र, तापते. तिला बंद आवरणात घातलं तर हवा खेळवावी लागते, पंखा बसवला तर रात्री त्याची घरघर वरच्या मजल्याच्या खिडकीत ऐकू येते. शिवाय आवरणामुळे सगळा ऐवज मूळ यंत्रापेक्षा जाडजूड होतो. रेडिओ जमिनीलगतच्या पेटीत ठेवून वर फक्त अँटेना ठेवला तर खांब सडपातळ दिसतो, पण लांब केबलमध्ये सिग्नलची ताकद गळते आणि पेटी फूटपाथवर येते, जिथून व्हीलचेअर न्यायची असते. थोडक्यात, 'लपवा' असा एका शब्दाचा नियम केला तर तो अनेकदा उलटाच पडतो. काय लपवायचं आणि त्याच्या बदल्यात काय सोसायचं, हे नियमात लिहावं लागतं.

कंपन्यांचा मुद्दा

कंपन्यांचा आधार होता कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कोडचं, म्हणजे वीज-टेलिफोनसारख्या सार्वजनिक सेवांच्या कायद्याचं, कलम ७९०१. या कलमाची मुळं १८७२ च्या सिव्हिल कोडमध्ये आहेत. तेव्हा प्रश्न तारायंत्राच्या तारांचा होता, टेलिफोनचा उल्लेख १९०५ मध्ये आला. राज्याने टेलिफोन कंपन्यांना सार्वजनिक रस्त्यांच्या कडेने आणि वरून लाइन टाकायचा, खांब उभारायचा हक्क दिला. अट एवढीच, की हे काम रस्त्याचा सार्वजनिक वापर 'इन्कमोड' (म्हणजे ढोबळमानाने, त्याला त्रास किंवा अडचण) होणार नाही अशा रीतीने आणि अशा ठिकाणी करावं. सगळा खटला या एका इंग्रजी क्रियापदावर येऊन थांबला, म्हणून ते जसंच्या तसं दिलं. कंपन्या म्हणाल्या, याचा अर्थ वाहतुकीला अडथळा. गाड्या आणि माणसं बिनअडथळा जात असतील तर शहराने आमच्या खांबाच्या दिसण्यात नाक खुपसू नये. हक्क राज्याने दिला आहे, शहराने नाही.

दुसरा मुद्दा १९९५ मध्ये जोडलेल्या कलम ७९०१.१ चा. रस्ते कधी, कुठे, कसे वापरले जातात यावर वाजवी नियंत्रण ठेवायचा अधिकार हे कलम शहरांना देतं, पण ते नियंत्रण सगळ्यांना सारख्याच रीतीने लागू हवं, असंही सांगतं. कंपन्यांचं म्हणणं असं, की रूपाची तपासणी होणारा हा जागेपुरता परवाना फक्त बिनतारी सेवेला लागतो, वीज, केबल किंवा जुन्या टेलिफोनच्या कंपन्यांना लागत नाही. मग हे सारखं कसं?

हा दुसरा मुद्दा मला वजनदार वाटतो. लाकडी खांबावर आधीच जाड केबलींची भेंडोळी लोंबत असतात, ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. त्याच खांबावर नवा आलेला डबा तेवढा 'विद्रूप' ठरावा, हे सहज पटत नाही. कायद्याच्या भाषेत शहराला उत्तर सापडलं, पण नैतिक प्रश्न पुरता मिटला असं मी म्हणणार नाही.

कोर्टाने काय ठरवलं

सुप्रीम कोर्टाचा निकाल न्यायमूर्ती कॅरल कॉरिगन यांनी लिहिला. सुरुवात राज्यघटनेपासून केली. कॅलिफोर्नियाची घटना शहरांना आपल्या हद्दीत नियम करायचा अधिकार देते, फक्त ते राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांशी विसंगत नसावेत. जमिनीचा वापर कसा व्हावा हे ठरवणं हा या अधिकाराचा जुना भाग आहे आणि परिसराचं दिसणं त्यातच येतं. राज्याने हा अधिकार काढून घेतला आहे, असं दाखवायची जबाबदारी कंपन्यांवर होती.

मग कलम ७९०१. प्रवासाची वाट अडवणं हा रस्त्याच्या वापराला त्रास देण्याचा एक प्रकार झाला, पण प्रवास हा रस्त्याचा एकमेव वापर नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. यंत्रांमधून आवाज होऊ शकतो, आरोग्याला अपाय होऊ शकतो, सुरक्षेचे प्रश्न उभे राहू शकतात. यांतलं काहीही झालं तरी रस्त्याच्या वापरात, त्याचा शांतपणे आनंद घेण्यात बाधा येते. त्याच ओघात रूपाचाही समावेश होतो.

हा विचार आकाशातून पडलेला नव्हता. २००९ मध्ये केंद्रीय नवव्या सर्किटच्या कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं केंद्रीय अपील कोर्ट) पालोस वर्देस एस्टेट्स या छोट्या शहराच्या खटल्यात याच कलमाचा असाच अर्थ लावला होता. तिथे व्हिया अझेलिया आणि व्हिया वालमोंटे या दोन रस्त्यांवरचे अँटेने शहराने रूपाच्या कारणावरून नाकारले होते. देखण्या रस्त्यावरून जाण्याचा अनुभव आणि अँटेन्यांच्या सावलीतून जाण्याचा अनुभव एक नव्हे, अशा आशयाचं त्या कोर्टाचं म्हणणं होतं. केंद्रीय कोर्टाने राज्याच्या कलमाचा लावलेला हा अर्थ दहा वर्षांनी राज्याच्याच सर्वोच्च कोर्टात पक्का झाला. अँटेन्यांच्या जागा आणि आराखडा यांत राज्याचा युटिलिटी आयोगही साधारणपणे स्थानिक प्रशासनाच्या मताला मान देत आला आहे, हेही कोर्टाने विचारात घेतलं.

सारख्या वागणुकीचा मुद्दा कोर्टाने वेगळ्या वाटेने सोडवला. कलम ७९०१.१ आलं ते कंपन्या वारंवार रस्ते खोदतात आणि शहरांना त्यावर ताबा ठेवता येत नाही या तक्रारीतून. ते बांधकामाच्या काळात रस्ता तात्पुरता व्यापण्यापुरतं आहे. त्या तात्पुरत्या परवान्यात सॅन फ्रान्सिस्को सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजतं, हे कंपन्यांनाही मान्य होतं. कायमच्या बसवणुकीला ते कलम लागूच नाही.

एक मर्यादा विसरता कामा नये. कंपन्यांनी आव्हान दिलं होतं ऑर्डिनन्सच्या मजकुराला. अमुक खांबासाठी अमुक अर्ज नाकारला, तो चूक, असा हा खटला नव्हता. म्हणून कोर्टाने एवढंच सांगितलं, की रूपावर नियम करायचा अधिकार शहराला आहे. त्या अधिकाराखाली उद्या एखादा अर्ज मनमानीने फेटाळला तर तो टिकेल, असं या निकालात कुठेही नाही. निकालानंतर 'आता शहर काहीही करू शकतं' असा सूर ज्यांनी लावला, त्यांनी तो घाईने लावला.

मधल्या काळात केंद्राने केलेली उलथापालथ

खटला राज्यात रेंगाळत असताना वरच्या पातळीवर बरंच घडलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एसबी ६४९ हे विधेयक मंजूर केलं. त्याने छोट्या अँटेन्यांबाबत शहरांचे अधिकार बरेच आवळले असते. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. रस्त्यांच्या व्यवस्थापनातलं शहरांचं हित पाहता तोडगा याहून समतोल हवा, असं त्यांचं कारण होतं. राज्यात रस्ता बंद झाला, पण सप्टेंबर २०१८ मध्ये एफसीसी, म्हणजे दूरसंचारावर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने देशभरासाठी आदेश काढला. तो १४ जानेवारी २०१९ पासून लागू झाला.

या आदेशाने 'छोटी यंत्रणा' मोजून दिली. अँटेना ३ घनफुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ८५ लिटरपेक्षा मोठा नको. बाकीची सगळी यंत्रं मिळून २८ घनफुटांच्या आत. हे जवळपास ७९३ लिटर झाले, म्हणजे दोन दारी मोठ्या फ्रिजपेक्षाही जास्त जागा. 'छोटी' या शब्दाने फसू नये. उंची साधारणपणे ५० फुटांपर्यंत, किंवा शेजारच्या बांधकामांपेक्षा फार तर १० टक्के जास्त. आधीपासून असलेल्या खांबावर बसवायचं असेल तर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा, नवा खांब असेल तर ९० दिवसांत. फी खर्चापुरतीच. पाच यंत्रणांपर्यंतच्या अर्जाला ५०० डॉलर, पुढे प्रत्येकी १००, नव्या खांबासाठी १,००० आणि वर्षाला प्रत्येक यंत्रणेमागे २७० डॉलर एवढी रक्कम असेल तर ती वाजवी आहे असं गृहीत धरायचं.

रूपाच्या नियमांना तीन कसोट्या लावल्या. ते वाजवी असावेत, इतर पायाभूत यंत्रणांवरच्या नियमांपेक्षा जाचक नसावेत, आणि वस्तुनिष्ठ असून आधी जाहीर केलेले असावेत. सगळं जमिनीखाली न्या, असा सरसकट हुकूम म्हणजे बंदीच, हेही एफसीसीने स्पष्ट केलं. ते रास्तच आहे, पुरलेल्या अँटेन्यातून रस्त्यावर सेवा कशी द्यायची?

शहरं कोर्टात गेली. १२ ऑगस्ट २०२० रोजी नवव्या सर्किटने 'सिटी ऑफ पोर्टलंड विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात फीचा आणि मुदतींचा भाग कायम ठेवला. फीवर एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. रूपाच्या कसोट्यांपैकी दोन मात्र कोर्टाने रद्द केल्या. 'इतरांपेक्षा जाचक नको' ही कसोटी मूळ कायद्याच्या पलीकडे जाते, कारण कायदा फक्त सारखीच सेवा देणाऱ्यांमधला अवाजवी भेदभाव रोखतो. विजेचा खांब आणि मोबाइलचा अँटेना यांना एका तागडीत घालायला तो सांगत नाही. 'वस्तुनिष्ठ'ची सक्ती का, याचं पुरेसं कारण एफसीसीने दिलं नव्हतं, म्हणून तीही गेली. बेढब किंवा परिसराला न शोभणारी यंत्रणा हे लोकांचं अमूर्त नुकसान आहे, असे शब्द एफसीसीच्या आदेशातच होते. अमूर्त नुकसान रोखणारा प्रत्येक नियम मात्र निव्वळ मोजपट्टीचा हवा, हे एकमेकांना धरून नाही. नियम तांत्रिकदृष्ट्या पाळता येण्याजोगा हवा, ही अपेक्षा कायम राहिली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

मोजायचं काय आणि ठरवायचं काय

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की शहराच्या हातात नेमकं काय आहे ते दिसतं. सक्ती नसली तरी जे मोजता येतं ते मोजूनच लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आकारमान, खांबापासून पेटी किती बाहेर यावी, फूटपाथपासून किती वर असावी, रंग, तार आतून की बाहेरून, खिडकी आणि दारापासून अंतर, आवाजाची मर्यादा, यांतलं काहीच अधिकाऱ्याच्या रुचीवर सोडायची गरज नाही. ६० दिवसांत निर्णय द्यायचा तर ते परवडणारंही नाही. कॅलिफोर्नियात २०१५ च्या एबी ५७ या कायद्याने मुदत चुकली तर अर्ज मंजूर झाला असं मानण्याची सोय कंपन्यांना दिली आहे. आधीच पसंत करून ठेवलेले चार-पाच आराखडे जाहीर केले, त्यांतला निवडणाऱ्याला झटपट परवाना दिला, तर बहुतेक अर्ज विनातंटा सुटतात. अमेरिकेतली कित्येक शहरं असंच करतात.

दृश्य 'लक्षणीय' बिघडतं का, हे मात्र फुटात सांगता येत नाही. तिथे माणसानेच पाहून ठरवायचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोने हा विवेक ठरावीक, आधीच नकाशावर दाखवलेल्या रस्त्यांपुरता ठेवला, हे त्या ऑर्डिनन्सचं बलस्थान. अर्ज करण्याआधी कंपनीला कळतं की हा रस्ता कडक तपासणीचा आहे. त्यामुळे ती शेजारच्या रस्त्याचा विचार करू शकते.

आणि नेमकं तिथेच मला सगळ्यात मोठी खोट दिसते. कंपनी शेजारच्या रस्त्यावर जाते. देखणा, ऐतिहासिक, दृश्याचा रस्ता जपला जातो आणि डबे साध्या रस्त्यांकडे सरकतात, जिथे आधीच तारांची जाळी जास्त आणि झाडं कमी. साध्या वस्तीतला माणूसही त्याच खिडकीतून रोज बाहेर बघतो. रस्त्याचा शांत आनंद हा सार्वजनिक वापराचा भाग आहे असं कोर्टाने मानलं, तर तो आनंद फक्त 'उत्कृष्ट दृश्य' असलेल्यांचा कसा? कडक तपासणी काही भागांपुरती ठेवायला माझी हरकत नाही, पण लोगो बुजवणं, तारा आत घेणं, रंग जुळवणं, मीटर झाकणं हे सगळ्या रस्त्यांवर सारखंच हवं. त्यासाठी लागणारा खर्च फारसा नसतो, आणि शहराची एखादी गल्ली या यादीतून वगळायला मला एकही पटणारं कारण दिसत नाही.

पहिल्या परवान्यात काय लिहिलं गेलं

एक तांत्रिक पण निर्णायक गोष्ट उरते. २०१२ च्या एका केंद्रीय कायद्यातल्या कलम ६४०९ नुसार, आधी मंजूर झालेल्या यंत्रणेत केलेला बदल जर तिच्या आकारमानात 'भरीव' फरक करत नसेल, तर शहराला तो मंजूर करावाच लागतो. भरीव म्हणजे काय, हे एफसीसीने २०१४ मध्ये आकड्यांत सांगितलं. रस्त्याकडेच्या यंत्रणेची उंची १० टक्क्यांपेक्षा किंवा १० फुटांपेक्षा, यांतलं जे जास्त असेल त्यापेक्षा वाढली, किंवा नवं अंग खांबापासून ६ फुटांहून अधिक बाहेर आलं, तर बदल भरीव. त्याच्या आत असेल तर अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा, नाहीतर मंजूर झाला असं धरता येतं. ३५ फुटी खांबावर आणखी १० फूट म्हणजे काय, याची कल्पना कोणीही करू शकेल.

यातून वाचायची वाटही त्याच नियमात आहे. मूळ यंत्रणा लपवण्यासाठी जी रचना केली होती ती बदलामुळे निष्फळ ठरत असेल, तर तो बदल भरीव धरला जातो. म्हणून पहिल्याच परवान्यात आवरण, रंग, आतून गेलेल्या तारा, सडपातळ आकार हे सगळं 'लपवण्याची रचना' म्हणून कारणासह नोंदवावं लागतं. नुसतं 'नकाशाप्रमाणे बसवावे' असं लिहून सही केली, तर काही वर्षांनी त्याच खांबावर मोठे रेडिओ येतील आणि नियोजन खात्याला हात बांधून बघत राहावं लागेल. कॅलिफोर्नियात परवान्याची मुदत १० वर्षांपेक्षा कमी ठेवणं साधारणपणे अवाजवी मानलं जातं, आणि १० वर्षांत यंत्रांची आख्खी पिढी बदलते. तेव्हा खांबाचं पुढचं रूप ठरतं ते पहिला अर्ज हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने अटींच्या त्या एका पानावर काय लिहिलं, त्यावर.